कूलर लागला की हार्ड डिस्क गायब

मे महिन्यातली गोष्ट. दारव्ह्यातल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात भर दुपारी एक फोटोग्राफर पोरगा आला. दुपट्ट्यात गुंडाळून आणलेली हार्ड डिस्क त्यानं काउंटरवर ठेवली. "दादा, यात अकरा लग्नं हायेत. कॉपी लावली की मधातच गायब होते. एकानं सांगतलं, फॉर्मेट मार."

फॉर्मेट म्हणजे डिस्क पुसून कोरी करणं; तो शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळाच येतो. अकरापैकी एकाही घरी अजून व्हिडिओ पोचला नव्हता.

आधी सगळा डेटा माझ्या डिस्कवर उतरवून घेतला. तपासणी नंतर, हा माझा नेम. जवळपास 400 जीबी, दोन तास चाललं, डिस्क एकदाही सुटली नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत सांगणाऱ्या प्रोग्राममध्ये खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या बिघडलेल्या जागा, शून्य. म्हणजे डिस्क ठणठणीत. मग नेहमीचे उपाय केले. केबल बदलून दिली. पुढचा पोर्ट सोडून मागच्या निळ्या, म्हणजे यूएसबी 3.0 च्या, पोर्टला लावायला सांगितलं, कारण यूएसबी 2.0 चा पोर्ट 500 मिलिअँपिअरपर्यंतच देतो, 3.0 चा 900, आणि फिरती डिस्क सुरू होताना जास्तच ओढते. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबची (सगळे यूएसबी पोर्ट ज्याला जोडलेले असतात त्याची) वीज वाचवायची टिकही काढायला लावली. बहुतेक केसेस इथंच मिटतात.

दुसऱ्या दिवशी फोन. "दादा, डबल गेली! तुमच्याइथं चालते, माह्याच घरी काऊन नाई चालत?"

प्रश्न अगदी बरोबर होता. गाडी काढली अन् त्याच्या गावी गेलो.

विंडोज स्वतःच्या घडामोडींची नोंद ठेवतं, ती दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. 157 नंबरच्या नोंदी, म्हणजे डिस्क अचानक निघाल्याच्या, रांगेनं उभ्या होत्या. मार्चच्या शेवटापर्यंत एकही नाही. एप्रिलपासून रोज, त्याही फक्त दिवसा. कॉम्प्युटर तोच, डिस्क तीच. मग उन्हाळ्यात या खोलीत नवीन काय आलं? विचार करत बसलो होतो, तेवढ्यात त्याच्या आईनं माझ्यासाठी कूलरचा पंप सुरू केला. खट्‌ आवाज झाला अन् स्क्रीनवरून डिस्क गेली.

मावशींना पंप बंद करायला लावला, परत चालू करायला लावला. चार वेळा केलं, तीनदा डिस्क सुटली. कूलर अन् कॉम्प्युटर एकाच बोर्डावर होते. कॅबिनेटच्या पत्र्याला हाताची मागची बाजू लावली तर बारीक मुंग्या आल्या. तिथंच समजलं, घराचं अर्थिंग लागत नाही. मोटर चालू-बंद होताना जो झटका उठतो, तो एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज देणाऱ्या डब्याच्या, फिल्टरनं जमिनीत सोडायचा असतो. इथं जमिनीचा रस्ताच बंद, म्हणून तो पत्र्यावरून यूएसबीच्या तारेत शिरत होता.

खात्रीसाठी गावातला वायरमन बोलावला. घरातले सगळे प्लग काढून त्यानं 100 वॅटचा बल्ब फेज-न्यूट्रलला लावला, लख्ख पेटला. फेज-अर्थिंगला लावला, तार लालसुद्धा झाली नाही.

अर्थिंगचा खड्डा अंगणात होता. आमची काळी माती उन्हाळ्यात कशी होते ते इकडच्या माणसाला सांगायला नको. भेगेत हात जात होता, खड्ड्यातलं मीठ-कोळसा कोरडा ठण्ण, अन् पट्टीवरचा नट गंजून हिरवा पडलेला. हिवाळ्यात माती ओली होती म्हणून कसंबसं निभत होतं. वायरमननं नट खरडून नवा बोल्ट कसला. पोरानं आठ बादल्या पाणी ओतलं. उन्हाळ्यात पाण्याच्या बादलीची किंमत माहीत असलेल्या मावशी काही बोलल्या नाहीत, स्वतःच नववी घेऊन आल्या.

बल्ब पेटला. थोडा पिवळा, पण पेटला. कूलर वेगळ्या बोर्डावर घेतला, कॉम्प्युटर एकटा ठेवला.

मग एका लग्नाची फाइल कॉपीला लावली. पोरगा हिरव्या पट्टीकडं एकटक बघत उभा. मावशींनी पंपाचं बटन दहा वेळा खटखट केलं. डिस्कचा निळा दिवा लुकलुकत राहिला, 157 ची नवी नोंद आली नाही. "आता चालूच राहू देऊ का, बापू?" मावशींनी विचारलं.

"राहू द्या," म्हटलं. मस्त गार हवा आली.