आजचा निवांत रविवार

दिवसभर बीच क्लबवर होतो. मुलं, सासूबाई आणि आम्ही दोघं. कानठळ्या बसवणारी गाणी नव्हती, इथेच अर्धे पैसे वसूल! 'फॅमिली फ्रेंडली' म्हणजे कोपऱ्यात एक घसरगुंडी, असंच बहुतेक ठिकाणी असतं. इथे मात्र भरपूर सावली, गोड्या पाण्याचे शॉवर आणि मोबाइलऐवजी पाण्याकडे बघणारा जीवरक्षक. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं, हे धाकटीला सांगितलं मात्र, तिने दिवसभर अनोळखी काकांनाही दटावलं.

सकाळी ओहोटी होती. ओल्या वाळूत नखाएवढे खेकडे. वाळू तोंडात घ्यायची, त्यातलं खाण्यासारखं तेवढं ठेवायचं आणि उरलेल्या वाळूची इवलीशी गोळी करून टाकायची. बिळाभोवती अशा शेकडो गोळ्या. थोरला तासभर तिथून हलला नाही. आम्ही हललो की खेकडा बिळात, म्हणून सगळेच पुतळे!

छत्रीखाली बसूनही नवऱ्याचं नाक लाल झालं. कोरडी वाळू साधारण 15 टक्के अतिनील किरणं परत वर फेकते, त्यामुळे दर 2 तासांनी सनस्क्रीन लावावंच लागतं. पण ऐकतंय कोण?

भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. म्हणजे पुढच्या रविवारी सकाळी याच वेळेला खेकड्यांच्या जागी पाणी असणार. थोरल्याला ते पुन्हा बघायचेत, तर दुपारी यावं लागेल. दुपारच्या उन्हाला सासूबाईंचा आत्ताच नकार आलाय.