गुलमर्गची कौटुंबिक स्की-सहल: आम्ही आखणी कशी केली

घरच्या सगळ्यांना घेऊन गुलमर्गला स्कीइंगसाठी जायचं असेल, तर आखणी स्की न करणाऱ्या माणसापासून सुरू करा, असं मी ठामपणे सांगेन. नवशिका माणूस दिवसात फार तर तीन तास स्की करू शकतो. पुढे मांड्या भरून येतात, लक्ष उडतं आणि पडण्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे शिकणाऱ्यांचाही अर्धा दिवस मोकळा राहतो, आणि आजी-आजोबा किंवा चार वर्षांचं पोर यांचा तर अख्खा दिवस. तो कशात घालवायचा हे घरूनच ठरवलं नाही, तर खोलीतल्या बुखारीभोवती (खोली गरम करणाऱ्या शेगडीभोवती) बसण्यात निघून जातो.

तारखांचं गणित महाराष्ट्रातल्या शाळांमुळे अवघड होतं. दिवाळीत उतारावर बर्फ नसतो आणि मेमध्ये हंगाम संपलेला असतो. नाताळच्या सुट्टीत जाता येतं, पण तेव्हा पुरेसा बर्फ असेलच असं नाही. २०२४ साली तर जानेवारी संपत आला तरी गुलमर्गचे उतार जवळजवळ कोरडे होते. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, सगळ्यात कडाक्याच्या थंडीचे. त्यानंतरचा फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा आम्हाला सर्वांत सोयीचा वाटला: खालचा थर बसलेला असतो, दिवस थोडा मोठा झालेला असतो आणि २६ जानेवारीच्या जोडसुट्टीची गर्दी ओसरलेली असते. शाळेतून आठवडाभराची रजा घ्यावी लागते. घरात दहावी-बारावीचं मूल असेल तर त्या वर्षी नाद सोडा.

परतीची शेवटची रात्र श्रीनगरमध्येच काढायची, यात तडजोड नको. गुलमर्ग ते श्रीनगर अंतर साधारण ५० किलोमीटर आहे, पण रात्री बर्फ पडला की खालच्या टंगमर्ग गावापर्यंतचा १३ किलोमीटरचा घाट सकाळी यंत्राने मोकळा करेपर्यंत गाडी हलत नाही. विमानं धुक्याने आणि बर्फाने रद्द होतात. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत रेल्वे सुरू झाली आहे आणि हा प्रवास सुमारे तीन तासांचा आहे. हवाई वाहतूक बंद पडली तर कटऱ्याला उतरून जम्मूहून विमान पकडायचं, हा पर्याय मनात तयार ठेवा.

हॉटेलला फोन करून खोलीच्या फोटोंपेक्षा गरम करण्याच्या सोयीबद्दल विचारावं. हीटिंग मध्यवर्ती आहे की बुखारी? वीज गेली की जनरेटर रात्रभर चालतो की ठरावीक तासच? नळाला गरम पाणी किती वाजता येतं? गोंडोलापर्यंत, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारपर्यंत, चालत किती वेळ लागतो? लाकडाची बुखारी असेल तर झोपताना खिडकीची फट उघडी हवी, कारण बंद खोलीत धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. लहान मुलांच्या अंगाजवळ कांगडी, म्हणजे ऊब घ्यायचं निखाऱ्यांचं भांडं, तर नकोच.

गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन काढावी लागतात, ओळखपत्राच्या तपशिलासह, आणि गर्दीच्या दिवसांत ती लवकर संपतात. म्हणून हॉटेलची तारीख पक्की झाली की लगेच तिकिटं काढावीत. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. पहिला टप्पा कोंगडोरीला सुमारे ३,०८० मीटरवर सोडतो, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर साधारण ३,९५० मीटरवर. समुद्रसपाटीवरून आलेल्या माणसाने पोचल्याच्या दिवशी काही करू नये. पाणी पीत राहावं आणि आराम करावा. कोंगडोरी दुसऱ्या दिवशी, अफरवट त्याहून उशिरा. डोकं दुखत असेल, मळमळत असेल किंवा जेवण जात नसेल, तर वर जायचं नाही. दुसरा टप्पा वाऱ्यामुळे बऱ्याचदा बंद राहतो, म्हणून तो सहलीच्या शेवटच्या दिवसावर ठेवू नका. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं.

आता साहित्य. स्की, बूट आणि काठ्या गुलमर्गमध्येच भाड्याने मिळतात. मात्र बुटाची घाई करू नका, कारण नवशिक्याचा दिवस बिघडतो तो बहुतेक वेळा बुटामुळेच. बुटाचं माप पायाच्या सेंटिमीटरमधल्या लांबीवर असतं. घरीच टाच भिंतीला टेकवून अंगठ्यापर्यंत मोजून लिहून न्या. बूट घालून ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढच्या टोकाला जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे पुढे वाकवल्यावर ती मागे सरकली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. मोजा एकच घालायचा, नडगीच्या वरपर्यंत येणारा. दोन मोजे घातले की घडी पडते, रक्तपुरवठा दबतो आणि उलट पाय जास्त गारठतात. पँटची कड बुटात खोचली तर तासाभरात नडगी सोलवटते. बुटात फक्त मोजा.

नवशिक्याची स्की उभी धरल्यावर हनुवटीपर्यंत यावी, मुलांची छाती ते हनुवटी यांच्या दरम्यान. बूट स्कीला ज्या कडीत अडकतो, त्या बाइंडिंगवर एक आकडा असतो. पडल्यावर बूट किती जोराने सुटावा हे त्यावर ठरतं. तो वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी, वय आणि कौशल्य पाहून लावतात: पंचवीस किलोच्या मुलाला दोनच्या आसपास, साठ किलोच्या नवशिक्या मोठ्या माणसाला चार-पाचच्या आसपास. आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच राहिलेला असू शकतो. तो गरजेपेक्षा जास्त असेल तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. दुकानात वजन सांगा, समोर आकडा बदलून घ्या आणि मुलांसाठी हेल्मेट मागून घ्याच.

टंगमर्गला गाड्या थांबतात. इथून पुढे हिवाळ्यात फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी) गाडी किंवा चाकांना साखळ्या लागतात. इथेच गमबूट आणि कोट भाड्याने देणारे गाठतात. गमबुटाला आत अस्तर नसतं, त्यामुळे दिवसभर घालायला तो उपयोगाचा नाही. घरून न्यायचं ते असं: थर्मलचे दोन जोड, पाणी न शिरणारी पँट, आणि हातमोज्यांचे दोन जोड, तेही लोकरीचे नव्हेत. लोकर बर्फात ओली होते आणि मूल अर्ध्या तासात रडायला लागतं. गॉगल आणि सनस्क्रीन सगळ्यांना हवं, कारण ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही सनस्क्रीन लावा, तिथे खालून ऊन लागतं.

शिकण्याची जागा म्हणजे गावाजवळचे कमी चढाचे उतार, जिथे स्कीवर उभ्या माणसाला दोरीने वर ओढून नेणाऱ्या छोट्या ओढ-लिफ्ट आहेत. भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेचे अभ्यासक्रम चांगले आहेत, पण ते सलग आणि लांब असल्याने मिश्र कुटुंबाला झेपत नाहीत. आम्ही खासगी प्रशिक्षक घेतला, सकाळी दोन तास. आडवं चढणं, बाजूला पडणं, स्की उताराला आडव्या ठेवून उठणं आणि पुढची टोकं जवळ, मागची लांब अशा आकारात थांबणं, एवढं जमेपर्यंत लिफ्टवर चढायचं नाही. अफरवटवरून खाली येणं नवशिक्याचं काम नाही. तिथे आखलेल्या भागाबाहेर हिमस्खलनाचा धोका खरा आहे.

दुपार मात्र सगळ्यांची. लाकडी स्लेज, म्हणजे बर्फावरून ओढायची घसरगाडी, आजीलाही चालते, पण ओढणारा दमदार हवा आणि दर, अंतर आणि परत आणण्याची बोली बसण्याआधीच पक्की हवी. पाठ दुखत असेल तर उतारावरची घसरण टाळा, सपाटीवर ओढून घ्या. कोंगडोरीला स्की नसली तरी जाता येतं; ऊन असताना दोन तास सहज जातात. १९०२ सालच्या सेंट मेरी चर्चपर्यंत दाबलेल्या बर्फावरून चालत जावं, मुलांना हे फार आवडतं. स्नोमोबाइलवर (बर्फावर चालणाऱ्या मोटारगाडीवर) लहान मूल चालकापुढे बसवून देऊ नका. परतीच्या वाटेवर टंगमर्गजवळ द्रंगचा गोठलेला धबधबा आहे, तिथे बर्फाच्या सुळ्यांखाली उभं राहायचं नाही. २२ एप्रिल २०२५च्या पहलगाम हल्ल्यानंतर खोऱ्यातली बरीच ठिकाणं काही काळ बंद होती, म्हणून कुठे जाता येतं हे आदल्या दिवशी चालकाला विचारून घ्यावं.

श्रीनगरच्या मुक्कामात पहाटे उठणाऱ्यांसाठी हरिसा: रात्रभर शिजवून घोटलेलं मटण, गरम तेल ओतून रोटीबरोबर. जुन्या शहरातल्या दुकानांत तो सकाळीच संपतो. शाकाहाऱ्यांना नदरू यखनी (दह्याच्या रश्श्यातली कमळकाकडी), हाक (काश्मिरी पालेभाजी), राजमा सहज मिळतात. हिवाळ्यातही दल सरोवरात शिकारा चालतो. तासभर पुरे, वारा बोचतो.

काही रुक्ष पण महत्त्वाच्या गोष्टी. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, निदान एक पोस्टपेड जवळ हवं. एटीएमच्या भरवशावर न राहता रोख न्यावी. प्रवास विम्यात स्कीइंग धरलं आहे का हे अटींमध्ये वाचा, बऱ्याच साध्या पॉलिसी साहसी खेळ वगळतात. हाड मोडलं तर प्रथमोपचार घेऊन श्रीनगरला बारझुल्लाचं हाडांचं सरकारी रुग्णालय गाठायचं असतं, म्हणून चालकाचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. आणि परतीच्या दिवशी विमानाच्या तीन तास आधी पोचा: श्रीनगर विमानतळाच्या बाहेरच्या गेटवरच सामान उतरवून तपासतात, मग पुन्हा आत, आणि लहान मुलांसह या रांगांना वेळ लागतोच.