त्रेपन्न महिन्यांची खुडूक

आजीकडे एक लाल कोंबडी होती, ती खुडूक झाली की मागच्या पडवीत टोपलीत पेंढा घालून आजी तिला बारा अंड्यांवर बसवायची. आम्ही मुलं कालनिर्णयवर खुणा करायचो, एकवीस दिवस. त्यातही कोंबडी दिवसातून एकदा उठायची, चार दाणे टिपले, पाणी प्यायली, घाण केली, की अंडी गार व्हायच्या आत परत टोपलीत. आपण जरा जवळ गेलो की अंग फुलवून असा आवाज काढायची की बस. आजी आतूनच ओरडायची, "थंय जाव नको, चोच मारतली!"

ही कोंबडी मला परवा आठवली एका ऑक्टोपसमुळे. म्हणजे रात्री झोप येत नव्हती म्हणून मोबाईलवर काहीतरी बघत बसले होते आणि कुठून कुठे जात समुद्राच्या तळाशी पोचले.

तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ मॉन्टेरे नावाची समुद्राखालची एक खोल दरी आहे. तिथे मॉन्टेरे बे ॲक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटची माणसं रिमोटवर चालणारी पाणबुडी खाली सोडून काय काय बघत असतात. एप्रिल २००७ मध्ये ब्रूस रॉबिसन आणि त्यांच्या टीमला साधारण १४०० मीटरवर एक ऑक्टोपस मादी दिसली, तळावरून हळूहळू एका खडकाकडे निघालेली. १४०० मीटर म्हणजे कळसूबाई उलटी करून पाण्यात बुडवली तर शिखराच्या थोडं अलीकडे. तिथे सूर्य पोचत नाही आणि पाणी ३ डिग्री, म्हणजे आपल्या फ्रिजमध्ये राहिल्यासारखंच. अडतीस दिवसांनी ही मंडळी परत गेली तर बाई खडकाच्या उभ्या भिंतीला चिकटून अंड्यांवर बसलेल्या. तीच कशावरून, तर अंगावरचे जुने जखमांचे व्रण, तेच ते. जातीचं नाव ग्रॅनेलेडोन बोरिओपॅसिफिका, पण एवढं मोठं नाव घेऊन कोण हाक मारणार, मी तिला मनातल्या मनात बायो म्हणते.

मग हे लोक जमेल तसे जात राहिले, एकूण अठरा वेळा. २००८, बसलेली. २००९, बसलेली. सप्टेंबर २०११ पर्यंत बसलेली. त्रेपन्न महिने! मी सहज हिशोब लावला तर २००७ चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप धोनीने आणला तेव्हा ती बसलेली होती आणि २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर त्याने तो शेवटचा सिक्स मारला, आमच्या अख्ख्या बिल्डिंगने ताटल्या वाजवल्या, तेव्हाही ती तिथेच, त्याच खडकावर. आणि तो पॉल आठवतोय ना, जर्मनीतला भविष्यवाला ऑक्टोपस, २०१० च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये आठच्या आठ मॅचचे निकाल बरोबर सांगितले होते त्याने? तो जन्मला २००८ ला आणि गेला ऑक्टोबर २०१० मध्ये. म्हणजे एक ऑक्टोपस जन्माला आला, जगप्रसिद्ध झाला, वारला, आणि तेवढ्या वेळात बायोची अंडीसुद्धा फुटली नव्हती.

खाणंपिणं? या अठरा भेटींमध्ये तिला कुणी काही खाताना बघितलं नाही. शेजारून खेकडे, कोळंबी फिरायची, एरवी तिचं जेवणच ते, पण ती त्यांना नुसतं बाजूला ढकलायची, अंड्यांना तोंड लावू नका म्हणून. या लोकांना बिचाऱ्यांना राहवलं नसावं, पाणबुडीच्या यांत्रिक हाताने खेकड्याचा तुकडा तिच्यापुढे धरला. नाही घेतला. आपल्याकडे संकष्टीला चंद्र दिसायची वाट बघणारी माणसं साडेआठनंतर दर पाच मिनिटांनी गॅलरीत जाऊन येतात (मी त्यातलीच), त्यामुळे मला हा प्रकार झेपेचना.

आधी ती जांभळट रंगाची होती. हळूहळू फिकी पडत गेली, पांढुरकी झाली, कातडं सैल पडलं, डोळ्यांवर ढगाळ साय आली. अंडी मात्र फोटोगणिक मोठी होत चाललेली.

आता हे वाचून व्हॉट्सॲपवर आई म्हणजे काय असतं वगैरे मेसेज येणार, मागे गुलाबाचं फूल टाकून, ते मला माहितीये. पण मला तिला आदर्श माता पुरस्कार द्यायचा नाहीये. ऑक्टोपसच्या डोळ्यांच्या मागे एक ग्रंथी असते, अंडी घातल्यावर तिचे रस सुटतात आणि भूक मरत जाते. १९७७ मध्ये जेरोम वोडिन्स्की नावाच्या शास्त्रज्ञाने काही माद्यांच्या या ग्रंथी ऑपरेशन करून काढल्या, तर त्यांनी अंडी सोडून दिली, परत खायला लागल्या आणि चांगल्या जास्त जगल्या. म्हणजे त्याग वगैरे म्हणायचं तरी कशाला. पण तिचं रोजचं काम मात्र खरं आहे, आणि ते मला फार ओळखीचं वाटतं: अंड्यांवर गाळ बसू द्यायचा नाही, पाण्याचा झोत सोडत राहायचा, पाहुणा आला की हाकलायचा. झाडलोटच की ती. एक दिवस नाही केली तर दिसते, रोज केली तर कुणाला दिसत नाही.

एवढा वेळ का लागतो तर थंडीमुळे. गार पाण्यात सगळंच सावकाश चालतं. उथळ पाण्यातल्या काही ऑक्टोपस लाखाच्या घरात अंडी घालतात, पिल्लं तांदळाच्या दाण्याएवढी, बहुतेक कुणाच्या तरी पोटात जातात. बायोची पिल्लं बाहेर पडतात तीच शिकार करायला तयार होऊन, शाळा पूर्ण करूनच.

त्याच किनाऱ्यापासून आणखी लांब, डेव्हिडसन नावाच्या समुद्राखालच्या डोंगराच्या पायथ्याशी, ३२०० मीटरवर २०१८ मध्ये दुसऱ्या जातीच्या ऑक्टोपसांची अख्खी वसाहतच सापडली, सहा हजार तर नुसत्या मोजल्या. तिथे जमिनीतून कोमट पाणी झिरपतं. आजूबाजूचं पाणी दीड-पावणेदोन डिग्री आणि अंड्यांपाशी पाच एक. तेवढ्या उबेवर त्यांची अंडी दोन वर्षांच्या आत फुटतात. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवतात ना, तोच प्रकार, फक्त शेगडी समुद्राच्या तळाची. बायोच्या नशिबात शेगडी नव्हती एवढंच.

ऑक्टोबर २०११ मध्ये पाणबुडी परत गेली तेव्हा ती नव्हती. खडकावर नुसती फाटलेली, रिकामी टरफलं लोंबत होती. गंमत म्हणजे ती बसलेली असेपर्यंत अंडी नेमकी किती ते काही कळलं नव्हतं, तिने झाकूनच अशी घेतलेली. मग उरलेली टरफलं मोजली, साधारण एकशेसाठ निघाली.

आजी पण टरफलंच मोजायची. पिल्लं एका जागी थांबत नाहीत, अर्धी कोंबडीच्या पंखाखाली, मोजताच यायची नाहीत. कोंबडी अंगणात कण्यांवर तुटून पडलेली असायची आणि आजी पडवीत टोपली उलटी करून पेंढा चाळत बसायची, एक, दोन, तीन, आणि मग आम्हाला हाक मारून सांगायची, बारातली नऊ.