कुठला लिनक्स टाकू?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आपणहून हा विषय मी काढत नाही. घरी एकदा काढला होता, तर ताटातली आमटी गार होईपर्यंत बोलत बसलो आणि शेवटी ऐकायला एकटं मांजर उरलं.

प्रश्न नेहमीचाच. "गेम खेळायचेत, तर लिनक्समधला कुठला डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कुठला तयार संच, टाकू?" ऑफिसखाली चहाच्या टपरीवर येतो, लग्नात पंगतीला बसल्यावर येतो. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि चांगल्या चालत्या मशीनना विंडोज 11 घेईना, तेव्हापासून तर तो दर आठवड्याला येतो. विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं. मी नाव न सांगता उलटे दोन प्रश्न विचारतो: गेम कोणता, आणि ग्राफिक्स कार्ड कोणतं? समोरच्याचा चेहरा असा होतो, जणू स्थळ बघायला आलेल्यांकडे पाणी द्यायच्या आधीच पत्रिका मागितली.

पण इलाज नाही. समजा उत्तर आलं, "व्हॅलोरंट". विषय तिथेच संपला. या ऑनलाइन गेमचं व्हॅनगार्ड हे अँटीचीट, म्हणजे लबाडी पकडणारा प्रोग्राम, विंडोजच्या कर्नेलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या अगदी गाभ्यात, शिरून पहारा देतं. लिनक्सवर ते कर्नेलच नाही, मग ते बसणार कुठे? लीग ऑफ लेजंड्स वर्षानुवर्षं लिनक्सवर चालत होता. 2024 मध्ये त्यालाही व्हॅनगार्ड लावलं आणि तो बंद पडला. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला एपेक्स लेजंड्सने लिनक्सवाल्यांना बाहेर काढलं. जीटीए 5 एकट्याने खुशाल खेळा, ऑनलाइनचं दार मात्र सप्टेंबर 2024 मध्ये बॅटलआय हे अँटीचीट आल्यावर लागलं. यातली बोचणारी गोष्ट अशी की बॅटलआय आणि ईझी अँटीचीट या दोघांनीही 2021 पासून लिनक्ससाठी सोय करून ठेवली आहे. ती वापरायची की नाही हे गेमवाली कंपनी ठरवते. तिने नाही म्हटलं की तुम्ही दहा डिस्ट्रो पालथे घाला, काही फरक पडत नाही. उलट काउंटर-स्ट्राइक 2 किंवा डोटा 2 खेळणार असाल तर ते थेट लिनक्ससाठीच बनलेले मिळतात.

एकट्याने खेळायचे गेम मात्र बहुतेक चालतात, आणि ते कसे चालतात हे कळलं की डिस्ट्रोचं भूत निम्मं उतरतं. वाईन हा प्रकल्प 1993 पासूनचा. विंडोजचा प्रोग्राम जे जे मागेल ते ते लिनक्सकडून मिळवून त्याच्या हातात ठेवायचं, एवढंच त्याचं काम. गाडी अडायची ती चित्रांपाशी. मग फिलिप रेबोले या प्रोग्रॅमरला निअर ऑटोमेटा लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्याने गेमची डायरेक्टथ्रीडीतली (चित्रं काढायची विंडोजची भाषा) मागणी लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलून देणारा डीएक्सव्हीके लिहायला घेतला. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्याला कामाला लावलं आणि ऑगस्ट 2018 मध्ये वाईन, डीएक्सव्हीके असं सगळं एकत्र बांधून प्रोटॉन बाहेर काढला. एका माणसाची एक गेम खेळायची हौस, आणि आज आपण सगळे त्यावर जेवतोय. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून मध्येच घुसडली.

तर हा प्रोटॉन स्टीमबरोबर येतो. मिंटवर तोच, फेडोरावर तोच, आर्चवरही तोच. गेमला लागणारी बरीचशी इतर सामग्रीही स्टीम स्वतःची वापरतो, त्यामुळे गेमला बाहेर कुठला डिस्ट्रो आहे याचा फारसा पत्ताच नसतो. बाहेरून येतात त्या मुख्यतः दोन गोष्टी: कर्नेल आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर. डिस्ट्रोत खरा फरक आहे तो इथे. तुमच्याकडे या दोन गोष्टी किती ताज्या पोचतात आणि कोण आणून देतं.

हे मला कळलं एका शनिवारी रात्री. लॅमिंग्टन रोडवरून रेडिऑनचं कार्ड घेऊन आलो होतो, बाजारात येऊन जेमतेम दोन आठवडे झालेलं. घरच्या मशीनवर एक संथ, भरवशाचा डिस्ट्रो होता, ज्याने मला कधी त्रास दिला नव्हता. कार्ड बसवलं, बटण दाबलं. डेस्कटॉप आला खरा, पण आयकॉन बटाट्याएवढे. खिडकी माउसने ओढली की चिखलातून बैल यावा तशी मागून यायची. आधी केबल बदलली. मग कार्ड काढून परत बसवलं. मग दुकानदाराला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या, बिचाऱ्याचा काही दोष नसताना. शेवटी सेटिंग्जमध्ये जाऊन बघितलं, तर ग्राफिक्सच्या रकान्यात कार्डाचं नावच नाही. तिथे लिहिलेलं "एलएलव्हीएमपाइप". म्हणजे सगळी चित्रं प्रोसेसर बिचारा एकटा काढतोय आणि पस्तीस-चाळीस हजारांचं कार्ड शेजारी शोभेला बसलंय.

कारण साधं होतं. माझं कर्नेल होतं 6.8, आणि ते कार्ड ओळखायला निदान 6.12 हवं होतं, बरोबर मेसा हा ग्राफिक्सचा ड्रायव्हरही 25 च्या घरातला. कार्ड जन्मायच्या आधीच्या कर्नेलने त्याला ओळखावं तरी कसं? रात्री साडेबाराला टेबलाच्या खणात एक पेनड्राइव्ह सापडला. ऑफिसातल्या एकासाठी त्यावर फेडोरा 42 करून ठेवला होता, आणि तो न्यायचा विसरला होता. त्यावरून मशीन चालू केली, तर सगळं आपोआप जागेवर. कार्डाचं नाव, पूर्ण रिझोल्यूशन, सगळं. फेडोरा फार हुशार म्हणून नव्हे, फक्त ताजा म्हणून. दोनेक महिन्यांत माझ्या जुन्या डिस्ट्रोलाही नवं कर्नेल आलंच. थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं, पण नवं कार्ड घरात असताना थांबतो कोण?

म्हणून कार्डाचं वय विचारतो. रेडिऑन दोन-तीन वर्षांचं असेल तर डोळे मिटून काहीही टाका, मिंटसुद्धा. एनव्हीडियाचं गणित वेगळं, कारण त्यांचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. बॅझाइट किंवा पॉप ओएससारखे डिस्ट्रो एनव्हीडियासाठी इन्स्टॉल करायची वेगळी फाइलच देतात. फेडोरावर आरपीएम फ्यूजन हे बाहेरचं भांडार जोडून घ्यावं लागतं, आणि सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं काही चालू न देणारी सोय) चालू असेल तर रीस्टार्टच्या वेळी निळ्या पडद्यावर ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवावी लागते. लोक घाईत तो पडदा एंटर मारून घालवतात आणि मग मला फोन करतात. आणि ताजं म्हणजे नेहमी बरं, असंही नाही. जीटीएक्स 1050 किंवा 1060 च्या पिढीला चालणारी शेवटची ड्रायव्हर-मालिका 580. डिसेंबर 2025 मध्ये आर्चने 590 आणला, तेव्हा सूचना न वाचता अपडेट मारणाऱ्या जुन्या कार्डवाल्यांना काळा पडदा बघावा लागला.

बाकीचा फरक मला भाड्याच्या फ्लॅटसारखा वाटतो. बॅझाइट फुल फर्निश्ड: स्टीम आहे, ड्रायव्हर आहे, राहायला या. पण भिंतीला खिळा मारायचा नाही, कारण मूळ सिस्टीमच्या फोल्डरला हात लावता येत नाही. अपडेट बिघडला तर मात्र बूट करताना आदलीच सिस्टीम निवडता येते, हे सुख मोठं आहे. आर्च म्हणजे नुसत्या विटा आणि सिमेंट. नळसुद्धा तुम्हीच बसवा. कॅशीओएसने त्याच विटांचं राहण्यासारखं घर बांधून दिलंय. खुद्द व्हॉल्व्हनेही घर बदललंय: 2015 च्या स्टीम मशीनमधला स्टीमओएस हा त्यांचा स्वतःचा डिस्ट्रो डेबियनवर होता, 2022 च्या स्टीम डेक या हातात धरायच्या यंत्रातला आर्चवर आहे. आणि आयतं घर घेतलं म्हणून डोळे मिटून राहता येतं असंही समजू नका. 2021 मध्ये लायनस सेबॅस्टियन या यूट्यूबरने कॅमेऱ्यासमोर पॉप ओएसवर स्टीम टाकायला घेतला. पॅकेजांच्या गोंधळामुळे सिस्टीमने विचारलं, हे सगळं काढून टाकू? खात्री असेल तर "येस, डू अ‍ॅज आय से" असं टाइप कर. त्याने केलं. स्टीम आलाच नाही, डेस्कटॉप मात्र गेला. मी हसलो होतो, पण त्याच्या जागी मीही तेच टाइप केलं असतं.

आता भाच्याचं सांगतो, कारण त्याच्याकडे जो घोळ झाला तो कुठल्याच डिस्ट्रोच्या यादीत नसतो. तो सांगलीला हॉस्टेलवर असतो. लॅपटॉपवर विंडोज तसंच ठेवून बाजूला लिनक्स टाकलं. फोन आला, "मामा, गेम सुरूच होत नाही. प्ले दाबलं की बटण निळं होतं, परत हिरवं होतं. डिस्ट्रो बदलू का?" दोन डिस्ट्रो आधीच बदलून झाले होते.

म्हटलं, थांब. गेम ठेवलायस कुठे?

"विंडोजच्याच ड्राइव्हवर. 80 जीबी आहे मामा, हॉस्टेलचं वायफाय तुला माहीत नाही."

झालं. विंडोजच्या ड्राइव्हची रचना एनटीएफएस. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी विंडोजचं एक खोटं घर बांधतो, आणि त्यात "सी" आणि विसर्ग, अशा नावाची एक जोडणी करून ठेवतो. (विसर्ग नव्हे, कोलन, पण फोनवर मी विसर्गच म्हणालो आणि त्याला कळलं.) एनटीएफएसवर विंडोज नावात कोलन चालवून घेत नाही, आणि प्रोटॉनचा सगळा डाव तिथे फसतो. त्याने लिनक्सच्या भागात जागा केली, 80 जीबीचा फोल्डर रात्रभर कॉपी केला आणि स्टीमला ती नवी जागा दाखवली. सकाळी फोटो आला: "प्रोसेसिंग व्हल्कन शेडर्स, 3 टक्के." खाली विचारलेलं, "हे नॉर्मल आहे का?" नॉर्मल आहे रे बाबा. गेमच्या चित्रांची तयारी चाललीय, पहिल्यांदा वेळ लागतो. चहा पिऊन ये.

त्याचा व्हॅलोरंट विंडोजवरच आहे, तेवढ्यासाठी तो रीस्टार्ट करतो. मी त्याला काही बोलत नाही. मित्र तिथे आहेत त्याचे.

आणि मी स्वतः काय वापरतो? फेडोरा. कारण त्या रात्री खणात तोच पेनड्राइव्ह होता. ऑफिसातल्या त्या माणसाने तो अजून मागितलेला नाही.