गुडघाभर बर्फातले सरपण : पूर्व फिनलंडमधील सहा दिवस

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघे, म्हणजे मी, पत्नी आणि आमचा एक नागपूरकर मित्र, हेल्सिंकीशेजारच्या एस्पो शहराहून पूर्व फिनलंडमधील लिएक्सा भागातल्या एका शेतघरी सहा दिवस राहून आलो. घर माझ्या सहकाऱ्याच्या काकांचे. काका सत्तरीच्या पुढचे, एकटे राहणारे, आणि घराभोवतीचे जंगल त्यांच्या स्वतःच्या मालकीचे. फिनलंडचा सुमारे तीन चतुर्थांश भूभाग जंगलाखाली आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक जंगल अशा खासगी मालकांकडे आहे, त्यामुळे तिकडे यात कोणाला नवल वाटत नाही. ध्रुवीय प्रकाशाच्या शोधात आम्ही गेलो नव्हतो. विजेची सोय असूनही जे घर हिवाळाभर लाकडावर उबदार राहते, ते रोजच्या रोज कसे चालते हे पाहावे आणि जमेल तेवढे हाताने करून पाहावे, एवढाच हेतू होता.

हेल्सिंकीहून योएन्सूपर्यंत रेल्वेने साधारण साडेचार तास लागतात आणि तेथून नुर्मेसकडे जाणारी छोटी गाडी तासा-सव्वा तासात लिएक्साला सोडते. या छोट्या गाडीच्या दिवसभरात मोजक्याच फेऱ्या असतात, म्हणून आधी तिची वेळ पाहावी आणि मगच मोठ्या गाडीचे तिकीट काढावे. महिना निवडायचा तर मार्चच निवडावा. जानेवारीत दिवस फार लहान असतो. मार्चच्या आरंभी साडेदहा तासांच्या आसपास उजेड मिळतो आणि बर्फ मात्र भरपूर असतो. आम्ही होतो तेव्हा पहाटे पारा उणे २४ अंशांपर्यंत उतरत होता आणि दुपारी उणे ६ पर्यंत चढत होता. जंगलातला बर्फ वाटेवर गुडघाभर आणि वाट सोडली की मांडीपर्यंत होता.

घराच्या मधोमध उभी असलेली भट्टी हीच त्या घराची मुख्य वस्तू. तिला चूल म्हणता येत नाही आणि शेकोटी तर नाहीच. शंखजिऱ्याच्या दगडाची ही भट्टी दीड-दोन टन वजनाची असावी. हा दगड पिएलिनेन सरोवराच्या पलीकडच्या काठावरील युका भागात निघतो, त्यामुळे या मुलखात तो घरचाच समजला जातो. लाकूड जळताना निघणारा गरम धूर थेट धुराड्यात न जाता दगडातल्या वळणदार मार्गांतून खालीवर फिरतो आणि आपली उष्णता दगडाला देऊन मगच बाहेर पडतो. म्हणून दिवसातून एकदाच, संध्याकाळी, टोपलीभर लाकडाचे दोन-तीन भर, हवा मोकळी येऊ देऊन, भरभरून जाळायचे. ज्वाला विझली की दगड हळूहळू तापत जातो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ऊब देत राहतो. पहिल्या रात्री आम्ही विस्तव पाहत बसलो आणि घर गरम का होत नाही म्हणून कुजबुजलो. मध्यरात्री अंगावरची पांघरुणे काढावी लागली.

येथे पाहुण्यांची पहिली चूक होते. थंडी वाजली की भट्टीत आणखी लाकूड घालावेसे वाटते. तसे करू नये. आजची थंडी कालच्या जाळाने भागलेली असते आणि आत्ताचा जाळ उद्यासाठी असतो, हे अंगवळणी पडायला दोन दिवस लागतात. ज्यांना लगेच ऊब हवी असेल त्यांनी लोखंडी शेगडी असलेले घर भाड्याने घ्यावे. ती अर्ध्या तासात खोली तापवते आणि विझली की तितक्याच लवकर थंड होते. रात्री तीन वाजता उठून लाकूड घालण्याची तयारी मात्र ठेवावी लागते.

विस्तव पेटवण्याची रीत आपल्या चुलीच्या अगदी उलट निघाली. जाड लाकडे खाली आडवी रचायची, त्यावर बारीक ढलप्या ठेवायच्या आणि आग सर्वांत वर लावायची. विस्तव वरून खाली उतरतो, खालच्या लाकडातून सुटणारा वायू वरच्या ज्वालेत जळून जातो आणि धूर फारच कमी होतो. पेटवणासाठी भूर्जाची साल वापरतात. आपण ज्याला भूर्जपत्र म्हणतो ते हिमालयातले झाड याच कुळातले. ही साल तेलकट असल्याने ओली असली तरी पेटते, आणि कागद वा रॉकेलची आठवणसुद्धा होत नाही. फुंकणीची सवय असलेल्या माझ्या मित्राने पहिल्या दिवशी भट्टीच्या तोंडाशी वाकून फुंकर मारली आणि राख चेहऱ्यावर घेतली. काकांनी त्याला फक्त टॉवेल दिला.

आता झडपेविषयी सविस्तर लिहितो, कारण या प्रवासातली जिवावरची गोष्ट तीच आहे. धुराड्यात एक लोखंडी झडप असते. जाळण्यापूर्वी ती उघडायची आणि जाळ पूर्ण संपल्यावर बंद करायची, नाहीतर साठवलेली ऊब धुराड्यातून निघून जाते. दुसऱ्या सकाळी स्वयंपाकघरातली छोटी चूल पेटवताना मी झडप उघडायलाच विसरलो आणि पाच मिनिटांत सगळे घर धुराने भरले. उणे वीस अंशांत दारेखिडक्या उघडून आम्ही तिघे अंगणात उभे राहिलो. ही चूक निदान डोळ्यांना दिसणारी होती. उलट चूक, म्हणजे निखारे जिवंत असताना झडप बंद करणे, दिसत नाही आणि वासानेही कळत नाही. कार्बन मोनॉक्साइड खोलीत साचतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. काकांचा नियम असा की निखाऱ्यांवर निळी ज्योत दिसत असेल तोवर झडपेला हात लावायचा नाही, आणि ती दिसेनाशी झाल्यावर निखारे परतून पुन्हा पाहायचे. शंका असेल तर झडप रात्रभर उघडी ठेवावी. ऊब वाया गेली तरी चालेल. भाड्याच्या घरी जाणाऱ्यांनी या वायूची सूचना देणारे बॅटरीवरचे यंत्र सोबत न्यावे. ते तळहाताएवढे असते आणि सामानात कुठेही मावते.

राख काढण्याचे कामही आमच्याकडे आले. ती झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून घरापासून लांब ठेवायची, कारण वरून थंड दिसणाऱ्या राखेत दोन-तीन दिवसांनीही निखारा सापडतो. प्लास्टिकची बादली आणि कागदी पिशवी यांना तेथे मज्जाव आहे.

तिसऱ्या दिवसापासून आम्ही जंगलात जाऊ लागलो. झाडे हिवाळ्यात का पाडतात, हे मला आधी कळत नव्हते. झाडात रस चढण्यापूर्वी लाकूड पाडून, फोडून, वाऱ्यावर रचले की वसंतातल्या कोरड्या हवेत ते चांगले सुकते. एप्रिल-मेपर्यंत रास उभी राहिली नाही तर येत्या हिवाळ्यासाठी ते लाकूड मिळाले असे धरत नाहीत. ताज्या भूर्जात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असते आणि जाळण्याजोग्या लाकडात ते २० टक्क्यांच्या आत यावे लागते. त्यातून भूर्जाची साल पाणी बाहेर जाऊ देत नाही, म्हणून ओंडका न फोडता ठेवला तर आतल्या आत कुजतो. नीट रचलेल्या एक घनमीटर सुक्या भूर्जात सुमारे १७०० किलोवॅट-तास उष्णता असते, तर पाइनमध्ये १३५० च्या आसपास. भट्टीसाठी भूर्जाला मान आहे तो यामुळे. माझे आजोळ कोकणातले. पावसाळ्याच्या बेगमीसाठी वैशाखात सरपण पडवीत रचले जाई, आणि जूनमध्ये ओले लाकूड फुंकत बसणाऱ्या घराची गावभर चेष्टा होई. काकांना हे सांगितले तेव्हा ते प्रथमच मोकळे हसले. त्यांना आम्ही आपसात ‘काका’ म्हणत होतो, पण प्रत्यक्षात नावानेच हाक मारावी लागत होती. फिनिश रीत तशी आहे आणि माझ्या पत्नीला ती शेवटपर्यंत जड गेली.

खोल बर्फातल्या कामाचा मोठा भाग म्हणजे झाडापर्यंत पोहोचणे आणि लाकूड तेथून बाहेर काढणे. काका लांब आणि रुंद लाकडी स्की वापरतात. आम्हाला त्यांनी बर्फबूट दिले, म्हणजे पायाला बांधायच्या जाळीदार पसरट चौकटी. आदल्या दिवशी त्याच वाटेवरून दोन-तीनदा चालून बर्फ तुडवून ठेवायचा आणि रात्रभर तसाच सोडायचा. दाबलेला बर्फ रात्रीत थिजून पक्का होतो आणि सकाळी त्यावरून ओंडक्यांनी भरलेली घसरगाडी सहज निघते. त्याच दिवशी तुडवून त्याच दिवशी ओढायला गेलो तर गाडी रुतते, आणि आमची रुतली. वाट दलदलीवरून जात असेल तर तुडवण्याला आणखी एक कारण आहे. जाड बर्फ गोधडीसारखा खालच्या जमिनीला पांघरूण घालतो, त्यामुळे वर उणे वीस असतानाही खालचा चिखल गोठलेला नसतो. बर्फ दाबून त्याची ऊब धरण्याची शक्ती काढून घेतली की थंडी खाली उतरते आणि दलदल वजन पेलू लागते.

झाड पाडण्याचे काम काकांनी आणि त्यांच्या शेजाऱ्याने केले. ज्याने चेनसॉचे, म्हणजे यांत्रिक करवतीचे, शिक्षण घेतलेले नाही त्याने ती हातात धरू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन, आणि यजमान आग्रह करत असतील तरी नकार द्यावा. आम्ही पाहिलेला क्रम असा होता. आधी बुंध्यावर लांब दांड्याने आघात करून फांद्यांवरचा बर्फ पाडतात, कारण काम सुरू असताना तो डोक्यावर आला तर मान मोडू शकते. मग बुंध्याभोवतीचा बर्फ फावड्याने जमिनीपर्यंत काढतात आणि झाड पडण्याच्या दिशेच्या मागे, तिरकस, पळण्याची वाट तुडवून घेतात. मांडीभर बर्फात ऐन वेळी मागे सरता येत नाही, ती वाट आधीच तयार असावी लागते. गोठलेले लाकूड ठिसूळ असते, म्हणून बुंध्यात मध्ये न कापता सोडलेली, बिजागरीचे काम करणारी पट्टी उन्हाळ्यापेक्षा जाड ठेवतात. आम्हाला झाडाच्या उंचीच्या दुपटीहून लांब उभे केले होते. झाड पडले की निम्मे बर्फात बुडते आणि खाली दबलेल्या फांद्या धनुष्यासारख्या ताणलेल्या राहतात. त्यांच्याजवळ अनुभवी माणसानेच जावे.

लाकूड फोडणे मात्र आमच्या वाट्याला आले आणि ते सुखाचे निघाले. कडक थंडीत ताजा भूर्ज कुऱ्हाडीच्या एका घावात टणकन दुभंगतो. तोच ओंडका दुपारी उन्हात नरमला की पाचर मारावी लागते. एक काळजी घ्यावी : कुऱ्हाड रात्रभर बाहेर राहिली असेल तर आधी घरात थोडी गरम करावी, कारण अतिथंड पोलादाची धार गाठीवर आपटून तुटते.

कपड्यांविषयी थोडक्यात सांगायचे तर अंगालगत लोकर असावी आणि सुती बनियन एस्पोतच ठेवून जावे. काम करताना थंडीपेक्षा घाम अधिक त्रास देतो. म्हणून सुरुवातीला किंचित थंडी वाजेल इतकेच कपडे घालावेत आणि जाडजूड जाकीट विश्रांतीसाठी घसरगाडीवर ठेवावे. हातमोज्यांचे तीन जोड लागतात. चहाचा थर्मास पिशवीत आत, मध्यभागी ठेवावा. मोबाइल छातीजवळच्या खिशात ठेवावा, नाहीतर थंडीने बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत नसते. फिनलंडमध्ये कोणाच्याही जंगलातून चालण्याचा, स्कीवरून जाण्याचा आणि बोरे तोडण्याचा सर्वांना हक्क आहे, परंतु झाड तोडण्याचा नाही, पडलेले लाकूड उचलण्याचाही नाही, आणि जमीनमालकाच्या परवानगीवाचून विस्तव पेटवण्याचाही नाही. वाटेत दिसलेली वाळकी फांदी ही कोणाची तरी मालमत्ता असते.

शेवटच्या सकाळी बर्फावर कवच धरले होते आणि बर्फबुटांवाचून, नुसत्या जोड्यांनी, आम्ही शेतावरून सरळ चालत गेलो. मार्चच्या अशा सकाळी दहापर्यंतच मिळतात. ऊन चढले की पाय पुन्हा रुततो. घर सोडताना भट्टीशेजारची टोपली सुक्या लाकडाने भरून ठेवण्याची तेथे रीत आहे. आम्ही ती भरली, वर बारीक ढलप्या आणि सालीचे दोन तुकडे ठेवले आणि झडप बंद आहे ना, हे तिघांनीही एकेकदा जाऊन पाहिले.