पाळकांच्या प्रतीक्षेतील पॅरिश

आमच्या पॅरिशला, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या एका स्थानिक विभागाला, गेल्या उन्हाळ्यापासून पाळक नाहीत. आधीचे व्हिकर, म्हणजे पॅरिशचे पाळक, निवृत्त होऊन समुद्रकाठच्या गावी राहायला गेले, त्यांच्या घराला, म्हणजे व्हिकरेजला, कुलूप लागले, आणि नव्या पाळकांसाठी जाहिरात देण्यापूर्वी पॅरिशने आपली ओळख लेखी द्यावी अशी इथली रीत असल्यामुळे ते काम पीसीसीने, म्हणजे पॅरिशच्या निवडून आलेल्या कार्यकारी मंडळाने, माझ्यासह तिघांवर सोपवले. या दस्तऐवजाला ‘पॅरिश प्रोफाइल’ म्हणतात. परिसर, उपासना, इमारत, हिशेब ही प्रकरणे भराभर लिहून झाली. शेवटचे प्रकरण पुढच्या काही वर्षांतील आशांचे आहे आणि त्यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. तो वाद मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहिते.

चर्च ऑफ इंग्लंडच्या सुमारे १२,५०० पॅरिश आहेत आणि चर्चच्या इमारती सुमारे १६,०००. आमची पॅरिश लंडनच्या कडेच्या एका उपनगरात आहे आणि तिला सांगण्यासारखा मोठा इतिहास नाही. रेल्वे आली, शेते विकली गेली, दोन महायुद्धांच्या दरम्यान एकसारख्या जोडघरांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासाठी आधी पन्हळी पत्र्याचे तात्पुरते व नंतर विटांचे चर्च बांधले गेले. मध्ययुगीन चर्च पाहायला पर्यटक येतात, त्यांच्या छपरासाठी देणगीदार मिळतात; एकोणीसशे तीसच्या दशकातील विटांच्या चर्चचे छप्पर गळू लागले की ते शेजाऱ्यांशिवाय कोणाच्या लक्षातही येत नाही.

मी महाराष्ट्रात, १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या एका मंडळीत वाढले. तिथे मंडळी कुटुंबांनी मोजली जाई; शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलेले कुटुंबही आमचेच असे आणि चर्चला लागून राहणारे, पण ख्रिस्ती नसलेले घर आमच्या वहीत नसे. इथे पॅरिश म्हणजे जमिनीचा एक तुकडा असतो. हद्द नकाशावर आखलेली असते आणि तिच्या आत राहणारा प्रत्येक माणूस, तो कोणत्याही धर्माचा असो वा कोणताच धर्म मानत नसो, पॅरिशच्या जबाबदारीत येतो. ही केवळ सद्भावना नाही, तिला कायद्याचा आधार आहे. हद्दीतील रहिवाशाला आपल्या पॅरिश चर्चमध्ये विवाह करण्याचा हक्क आहे, मग तो रविवारी कधी येत नसला तरी. त्याचा अंत्यविधी करणे हेही पाळकांचे कर्तव्य मानले जाते. दरवर्षी ३१ मेपर्यंत दोन चर्चवॉर्डन, म्हणजे पाळक नसलेले पण चर्चची देखरेख करणारे पदाधिकारी, निवडायचे असतात, आणि त्या सभेत चर्चच्या यादीतील सभासदांबरोबर हद्दीत राहणाऱ्या, स्थानिक निवडणुकीच्या मतदारयादीत नाव असलेल्या कोणालाही मत देता येते. शेजारच्या गुजराती आजोबांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारले, “मग प्रचाराला कधी येता?”

माझ्या मते आमच्या पॅरिशच्या भवितव्याचा प्रश्न याच ठिकाणी आहे. किती लोक येतात हा प्रश्न आहेच; पण जे येत नाहीत त्यांचे उत्तरदायित्व कोणीतरी नावानिशी घेतलेले राहील का, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

रविवारी सकाळी आठ वाजता १६६२ च्या प्रार्थनापुस्तकानुसार प्रभुभोजनाची उपासना होते. गीते नाहीत, ऑर्गन नाही, अर्ध्या-पाऊण तासात सगळे घरी. ती बंद करून दहाच्या उपासनेवर भर द्यावा अशी सूचना दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी करते आणि दर वेळी ती मागे पडते, कारण आठला येणारी मोजकी माणसे दहाला येणार नाहीत हे सर्वांना ठाऊक असते. दहाच्या उपासनेला चाळीसच्या आसपास माणसे असतात. त्यांत नायजेरियन आणि घानाची कुटुंबे आहेत, केरळच्या परिचारिका आहेत, २०२१ मध्ये ब्रिटनने नवा व्हिसा सुरू केल्यानंतर हाँगकाँगहून आलेली दोन-तीन तरुण कुटुंबे आहेत, आणि याच चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्या, आता ऐंशी ओलांडलेल्या इंग्लिश बायका आहेत. मेरी समनर यांनी १८७६ साली हॅम्पशायरमधील एका पॅरिशमध्ये सुरू केलेली मदर्स युनियन ही स्त्रियांची संघटना पुढे आफ्रिकेत खोल रुजली. आमच्याकडे ती पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या भगिनींमुळेच टिकून आहे. ज्यांच्या आज्यांना इंग्लिश मिशनरी बायकांनी सभासद करून घेतले त्यांच्या नाती इथल्या आजारी इंग्लिश म्हाताऱ्यांना दर गुरुवारी भेटायला जातात. याचे कौतुक कोणी फारसे करत नाही, त्यांनाही ते नको असते.

वस्त्रागारात लोखंडी तिजोरी आहे आणि तिच्यावर उपासनांची नोंदवही असते. प्रत्येक उपासनेनंतर चर्चवॉर्डन त्यात शाईने तारीख, वेळ, कोणी उपासना चालवली, किती उपस्थित, किती जणांनी प्रभुभोजन घेतले आणि थैलीत किती अर्पण आले हे लिहितात; शेवटचा रकाना शेऱ्यांचा असतो. प्रोफाइलसाठी आकडे काढताना मी जुन्या वह्या चाळल्या. शेऱ्यांमध्ये ‘बर्फ’, ‘ऑर्गन बंद’, ‘बिशप आले, दृढीकरण’ असे एक-दोन शब्द असतात. २०२० च्या मार्चमध्ये एका पानावर रेघ ओढून फक्त ‘चर्च बंद’ एवढेच लिहिले आहे. त्या रेघेनंतरचे आकडे आधीच्या आकड्यांना पुन्हा कधी गाठू शकलेले नाहीत. डिसेंबरमधील ख्रिस्टिंगलची संध्याकाळ मात्र अपवाद आहे: संत्र्याला लाल फीत बांधून, मध्ये मेणबत्ती खोचून, काड्यांवर गोळ्या-मनुका टोचायच्या, आणि या कामात निम्म्या गोळ्या मुलांच्या पोटात जायच्या. चिल्ड्रन्स सोसायटीने १९६८ साली इंग्लंडमध्ये रुजवलेला हा उपक्रम आमच्या चर्चमध्ये वर्षातील सर्वाधिक मुले आणतो. जानेवारीत ती मुले दिसत नाहीत, हेही वहीत आहेच.

आता पैशांबद्दल. चर्च ऑफ इंग्लंडला सरकार पगार देते असा समज भारतात तर आहेच, इथल्या लोकांचाही आहे, आणि तो चुकीचा आहे. पाळकांचे मानधन, निवृत्तिवेतन आणि घर यांचा खर्च मुख्यतः पॅरिशने डायोसीजला, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतील प्रांताला, दिलेल्या वार्षिक वाट्यातून भागतो. हा वाटा कायद्याने सक्तीचा नाही, पण तो नियमित न देणाऱ्या पॅरिशला पूर्णवेळ पाळक मिळण्याची शक्यता घटते, आणि पाळक नसले की माणसे कमी होतात व वाटा आणखी अवघड होतो. आमचा वाटा आम्ही गेली काही वर्षे पूर्ण देऊ शकलेलो नाही. जे देतो त्याचाही मोठा भाग सभासदांच्या वर्गणीपेक्षा हॉलच्या भाड्यातून येतो: सकाळी पाळणाघर, संध्याकाळी कराटे, शनिवारी वाढदिवस. प्राप्तिकर भरणाऱ्या सभासदाने गिफ्ट एडचा फॉर्म भरला तर त्याच्या शंभर पौंडांवर सरकारकडून पंचवीस पौंड मिळतात; तो फॉर्म भरून घेण्यासाठी आमच्या खजिनदार बाई कॉफीच्या वेळी ज्या चिकाटीने माणसांना गाठतात, ती पाहून काही जण मागच्या दाराने निघतात.

बॉयलरची गोष्ट सांगितल्याशिवाय इमारतीची अवस्था कळणार नाही. प्रत्येक चर्चची दर पाच वर्षांनी वास्तुविशारदाकडून तपासणी करून घ्यावी लागते, हा नियम १९५५ पासून आहे. गेल्या अहवालात आमच्या गॅस बॉयलरबद्दल जे लिहिले होते ते वाचून पीसीसीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. जुना काढून तसाच नवा बसवावा हे सोपे उत्तर. पण चर्चच्या सर्वोच्च सभेने, जनरल सिनडने, फेब्रुवारी २०२० मध्ये २०३० पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे ठरवले, आणि जुलै २०२२ पासून तेल किंवा गॅसचा नवा बॉयलर बसवायचा असेल तर डायोसीजच्या चान्सलरांची (चर्चच्या न्यायाधीशांची) रीतसर परवानगी, म्हणजे फॅकल्टी, काढावी लागते आणि इतर पर्यायांचा विचार केल्याचे दाखवावे लागते. या नियमाला माझा विरोध नाही, उलट तो योग्यच आहे. परंतु नियम करताना ज्या पॅरिशकडे सल्लागाराची फी भरण्याइतकीही शिल्लक नाही तिने हे पर्याय कसे शोधावेत, याचा विचार तितक्या काळजीने झालेला दिसत नाही. आम्ही बाकांच्या खाली बसणाऱ्या विजेच्या हीटरची दरपत्रके मागवली आहेत. तोवर कोट घालून प्रार्थना चालू आहेत.

पाळक नसलेल्या काळात कारभार चर्चवॉर्डनांवर येतो. आमच्या दोघांपैकी एक निवृत्त शिक्षिका आणि दुसरे बसचालक आहेत. प्रभुभोजनाचा विधी दीक्षित पाळकांशिवाय होत नाही, त्यामुळे आसपासच्या निवृत्त पाळकांना फोन करून रविवार भरून काढावे लागतात. कोणीच मिळाले नाही तर सभासदांपैकी एक जण सकाळची प्रार्थना चालवतो. कागदोपत्री मात्र पॅरिशला चांगले अधिकार आहेत. पाळकांचे नाव सुचवण्याचा हक्क ‘पॅट्रन’चा असतो, जो बिशप असेल, एखादे कॉलेज असेल किंवा एखादा न्यास, पण १९८६ च्या कायद्यानुसार पीसीसीने निवडलेल्या दोन प्रतिनिधींना तो उमेदवार नाकारता येतो. गोम अशी की बिशप पॅट्रनचा हा हक्क काही काळापुरता स्थगित करू शकतात, आणि शेजारच्या पॅरिशशी जोडणी करायची शक्यता असेल तेव्हा बहुधा तसेच होते. स्थगिती आली की व्हिकरऐवजी ‘प्रीस्ट-इन-चार्ज’, म्हणजे प्रभारी पाळक, नेमले जातात.

आमच्यापुढे दोन वाटा ठेवल्या गेल्या आहेत. पहिली म्हणजे शेजारच्या दोन पॅरिशसह एक मोठा गट करणे, ज्यात एक पूर्णवेळ पाळक तिन्ही ठिकाणी फिरतील आणि मुख्य कार्य सर्वांत मोठ्या चर्चमध्ये होईल. दुसरी म्हणजे ‘हाउस फॉर ड्यूटी’: मानधन नाही, पण व्हिकरेजमध्ये राहायला मिळते आणि बदल्यात रविवार व आठवड्यातले दोन दिवस काम करायचे. अशा जागी बहुतेकदा नुकतेच निवृत्त झालेले पाळक येतात. मंडळातील तरुण सभासदांना पहिला पर्याय हवा आहे आणि त्यांचे कारण खरे आहे: मोठ्या चर्चमध्ये मुलांसाठी वर्ग आहेत, संगीत आहे, पाच जणांच्या वर्गात कंटाळलेल्या त्यांच्या मुलांना तिथे मित्र मिळतील. मी दुसऱ्या बाजूला आहे. अर्धवेळ का होईना, पण आमच्या रस्त्यांवरून चालणारे, ज्यांच्या दाराची घंटा वाजवता येते असे पाळक असले तर हद्दीची जबाबदारी जिवंत राहते. तीन पॅरिश सांभाळणारा माणूस कितीही मनापासून काम करणारा असला तरी त्याचा दिवस गाडी चालवण्यात आणि बैठकांत जातो. २०२१ मध्ये स्थानिक पॅरिश व तिचे पाळक टिकवावेत असे म्हणणारी ‘सेव्ह द पॅरिश’ ही चळवळ सुरू झाली तेव्हा तिच्यावर भूतकाळात रमल्याची टीका झाली. तिच्या सुरातला कडवटपणा मलाही रुचत नाही, पण तिचा मूळ मुद्दा मला पटतो.

वरिष्ठ पातळीवर जे घडते त्याचे पडसाद आमच्यापर्यंत येतात. अत्याचाराच्या एका जुन्या प्रकरणाच्या हाताळणीवरील अहवालानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपांनी, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वांत वरिष्ठ बिशपांनी, राजीनामा जाहीर केला, त्यानंतरच्या रविवारी मुले व दुर्बल व्यक्तींच्या संरक्षणाची जबाबदारी असलेल्या आमच्या बाईंना लोकांनी जे प्रश्न विचारले ते आधीच विचारायला हवे होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सारा मुलाली यांचे नाव त्या पदासाठी जाहीर झाले. त्या पदावरील पहिली स्त्री, आणि पूर्वाश्रमीच्या परिचारिका. आमच्या केरळच्या भगिनींना दुसऱ्या गोष्टीचा आनंद अधिक झाला.

तर आशांच्या प्रकरणात काय लिहायचे? पहिल्या मसुद्यात ‘वाढती, चैतन्यशील मंडळी’ असे शब्द होते, ते मी खोडले, कारण प्रत्येक प्रोफाइलमध्ये ते असतात आणि अर्ज करणारे पाळक मूर्ख नसतात. त्याऐवजी आम्ही छोट्या गोष्टी लिहिल्या आहेत. पश्चिम दाराजवळ व्हीलचेअर जाईल असे स्वच्छतागृह हवे, कारण त्याच्या अभावी दोन जणींनी येणे थांबवले आहे. मदर्स युनियनमधील एक भगिनी प्रवचन करण्याइतक्या तयार आहेत, त्यांना प्रशिक्षण देऊन बिशपांचा परवाना मिळावा, म्हणजे पाळकांविना आलेल्या रविवारी बाहेर फोन करत बसावे लागणार नाही. पुढचे चर्चवॉर्डन साठीच्या आतले असावेत. ख्रिस्टिंगलला येणाऱ्या घरांना जानेवारीत कोणीतरी भेटायला जावे. हे काम कोणी करायचे ते मात्र रिकामे ठेवले आहे.

‘हाउस फॉर ड्यूटी’चा परिच्छेद दोन पर्यायी रूपांत लिहून ठेवला आहे. पुढच्या मंगळवारी पीसीसी मतदान घेईल, आणि मतमोजणी माझ्या बाजूने जाईल अशी चिन्हे सध्या तरी नाहीत. तसे झाले तर गटाच्या करारात एवढे एक वाक्य घालून घेण्याचा प्रयत्न करायचे मी ठरवले आहे, की आमच्या हद्दीतील अंत्यविधीचा फोन आधी आमच्याच चर्चवॉर्डनांकडे यावा.