जुन्या वेबसाइटवरचं मराठी परत वाचता येईल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. प्रश्न बहुतेक असाच असतो : ‘२००० सालच्या आसपास घरच्या कॉम्प्युटरवर गावाची वेबसाइट केली होती. देऊळ, जत्रा, जत्रेतली नाटकं, सगळं होतं. आता सीडी सापडली, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा काला दिसतो. गेलं का सगळं?’

गेलेलं नाही. मजकूर तिथेच आहे, फॉन्ट तेवढा नाही.

आधी सीडी सांभाळा. गोव्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या सीडी-फ्लॉपींना बुरशी धरते. सीडी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसा. गोल पुसलं तर ओरखडा माहितीच्या रेषेवरूनच जातो. फ्लॉपीच्या चकतीवर ठिपके असतील तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका, बुरशी ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला लागून पुढची चांगली फ्लॉपीही बिघडते. सगळा फोल्डर उतरवून घ्या आणि काम दुसऱ्या प्रतीवरच करा.

आता फॉन्ट. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी शिवाजी, किरण असे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवायचे. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरच साठायचं. म्हणून तर गावाचं नाव मराठीत शोधणाऱ्याला ती पानं कधी सापडलीच नाहीत, याची हळहळ वाटते. पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा एचटीएमएल मजकूर, उघडून फॉन्टचं नाव बघा, तोच फॉन्ट मिळवून बसवा. मजकूर लगेच वाचता येईल, पण तुमच्याच कॉम्प्युटरवर. सगळ्यांना दिसायला तो युनिकोडमध्ये आणावा लागतो.

इथे नुसतं शोधा-बदला करून भागत नाही. ‘डिचोली’ घ्या. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी आधी, मग ड. युनिकोडमध्ये ड आधी. ‘पर्वरी’तला रफार जुन्या फॉन्टात व नंतर येतो, युनिकोडमध्ये तो र् होऊन व च्या आधी जातो. ‘फर्मागुडी’त तर रफाराला काना ओलांडून मागे न्यावं लागतं. त्यामुळे क्रम असा ठेवा : आधी जोडाक्षरं, मग सुटी अक्षरं, मग वेलांट्या, शेवटी रफार. प्रत्येक फॉन्टची जुळणी वेगळी, तेव्हा कन्व्हर्टर, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम, त्याच फॉन्टचा हवा. संपूर्ण फाइल एकदम त्यात ओतू नका. टॅग, म्हणजे पानाची मांडणी सांगणाऱ्या < > कंसांतल्या इंग्रजी खुणा, त्याही मराठीत जातात आणि पान कोसळतं. फक्त टॅगांमधला मजकूर बदला, जुना फॉन्ट टॅग काढा, फाइल यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची एक पद्धत) मध्ये सेव्ह करा आणि पानाच्या <head> भागाच्या सुरुवातीलाच तसं सांगणारा मेटा टॅग द्या.

फोटो दिसत नसतील तर पत्ता बघा. तो सी ड्राइव्हपासून सुरू होत असेल तर फक्त फोल्डर आणि फाइलचं नाव ठेवा. घरी दिसणारा फोटो सर्व्हरवर गायब झाला तर बहुधा नावातली मोठी-लहान इंग्रजी अक्षरं जुळत नसतात. बऱ्याच सर्व्हरवर चालणाऱ्या लिनक्स या प्रणालीला ती दोन वेगळी नावं वाटतात.

सीडी वाचलीच गेली नाही तर जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साइटचा जुना पत्ता टाका. फुकट वेबसाइट ठेवू देणारं जिओसिटीज २००९ साली बंद झालं, तरी त्याची बरीच पानं वेबॅक मशीनमध्ये आहेत. फोटो मात्र अनेकदा नसतात.

टेबलांची मांडणी, रंगीत पार्श्वभूमी बदलू नका, असं माझं ठाम मत आहे. पाहुणे मोजणारा काउंटर बंद पडलेला असेल. शेवटचा आकडा माहीत असेल तर त्या जागी साध्या अक्षरांत लिहून ठेवा.